लामावर गेले, पण कोणाच्या फौजेतून? धाराशिव जिल्ह्यातल्या शिपायांच्या नोंदींचा शोध

स्थानिक इतिहासावर आम्ही कुठंही बोलायला उभे राहिलो, की प्रश्नोत्तरांत एक हात हमखास वर येतो. ‘आमचे पणजोबा लामावर गेले होते म्हणतात. त्यांची सरकारी नोंद कुठं मिळेल?’ प्रश्न साधा वाटतो. सातारा किंवा रत्नागिरी जिल्ह्यात तो त्या मानानं साधा आहेही. धाराशिव जिल्ह्यात तो साधा नाही, आणि का नाही, हाच आजचा विषय आहे.

लाम म्हणजे लढाई, हे आपल्या जुन्या माणसांना सांगावं लागत नाही. ‘जर्मनच्या लढाईत होते’, ‘जपानच्या लढाईत होते’ एवढंच घरात शिल्लक असतं. सोबत एखादं फीत नसलेलं पदक, कोपरे खाल्लेला एक फोटो, किंवा ‘जमादाराचं घर’ असं गल्लीतलं एक नाव. गावाला ते नाव माहीत असतं, पण ते का पडलं हे नातवाला माहीत नसतं.

आता गेल्या दोन-तीन वर्षांत मराठवाड्यात एक गोष्ट घडली आहे. 2023 मध्ये न्यायमूर्ती संदीप शिंदे समिती नेमली गेली, कुणबी नोंदींचा शोध सुरू झाला आणि ‘निजामकालीन नोंद’ हा शब्द चहाच्या टपरीवर आला. मोडी वाचणाऱ्याला, उर्दू वाचणाऱ्याला अचानक भाव आला. (आम्हाला याचा आनंदच आहे. ज्या दप्तरांवर चाळीस वर्षं कोणी हात ठेवला नव्हता, ती निदान उघडली तरी.) त्यामुळे लोकांना वाटतं, की कुणबी नोंद जिथं सापडली तिथंच पणजोबांची लष्करी नोंदही असणार. मग माणूस तहसीलला जातो, खासरा पाहतो, पहाणी पाहतो, मुंतखब पाहतो. जमीन सापडते, शिपाई सापडत नाही.

का सापडत नाही? कारण तहसीलचं दप्तर जमिनीमागे चालतं आणि शिपायाची नोंद पगारामागे चालते. तो कोणत्या गावचा होता हा दुसरा प्रश्न. पहिला प्रश्न असा की त्याला पगार कोण देत होतं? ज्या सरकारनं पगार दिला, त्या सरकारनं कागद केला. आजच्या व्याख्यानातून एवढी एकच गोष्ट घरी नेली तरी चालेल, कारण धाराशिवचा शिपाई चुकीच्या सरकारच्या कपाटात शोधण्यात लोकांची वर्षं गेलेली आहेत.

थोडा नकाशा डोळ्यापुढं आणा. 1948 पर्यंत आपला जिल्हा निजामाच्या हैदराबाद संस्थानात होता. पश्चिमेला लागूनच सोलापूर जिल्हा, म्हणजे ब्रिटिश मुलूख, मुंबई इलाखा. बार्शी तिकडची, येडशी इकडची. दोन्हींना जोडणारी बार्शी लाइट रेल्वे येडशी, तडवळे, ढोकी करत लातूरला जायची. म्हणजे सरहद्द होती, पण बाजाराला जाणाऱ्या माणसाला ती फारशी जाणवत नव्हती. भरतीला जाणाऱ्यालाही नाही. संस्थानच्या रयतेतला माणूस ब्रिटिश हिंदी फौजेत भरती होऊ शकत होता आणि होत होता.

म्हणून या जिल्ह्यातला शिपाई तीनपैकी एका ठिकाणी असू शकतो. एक, निजामाची स्वतःची फौज. दोन, ‘हैदराबाद’ हे नाव लावणारी, पण निजामाची नसलेली ब्रिटिश हिंदी रेजिमेंट. तीन, मराठा, महार, ग्रेनेडियर्स, तोफखाना, सर्व्हिस कोर अशी ब्रिटिश हिंदी फौजेतली इतर कुठलीही तुकडी. पहिल्या दोहोंतला गोंधळ हा सगळ्यात मोठा खड्डा आहे, म्हणून तिथं जरा थांबू.

एकोणिसाव्या शतकात ‘हैदराबाद कंटिन्जंट’ नावाची फौज होती. खर्च निजामाच्या खात्यावर, वऱ्हाडच्या महसुलातून, आणि अधिकारी इंग्रज. हिंगोली, औरंगाबाद, मोमिनाबाद म्हणजे आपलं अंबाजोगाई, इथं तिच्या छावण्या होत्या. 1902 मध्ये वऱ्हाडचा करार झाला आणि 1903 मध्ये ही फौज सरळ ब्रिटिश हिंदी फौजेत मिसळली. तिच्या पायदळ पलटणींना 94 ते 99 असे नंबर मिळाले. 1922 मध्ये त्यांची ‘19वी हैदराबाद रेजिमेंट’ झाली. या रेजिमेंटमध्ये हळूहळू कुमाऊंचे डोंगरी लोक, अहिर, जाट वाढत गेले, दख्खनचा भाग कमी होत गेला, आणि 27 ऑक्टोबर 1945 ला तिचं नावच बदलून ‘कुमाऊं रेजिमेंट’ झालं. पहिलं परमवीर चक्र मिळवणारे मेजर सोमनाथ शर्मा 1942 मध्ये अधिकारी झाले ते याच हैदराबाद रेजिमेंटमध्ये. आज आपण त्यांना कुमाऊंचे म्हणून ओळखतो.

मग याचा परिणाम काय होतो? घरच्या कागदावर ‘हैदराबाद रेजिमेंट’ लिहिलेलं असतं. नातू हैदराबादला जातो. तिथं काही नसतं, कारण त्या रेजिमेंटचं अभिलेख कार्यालय उत्तराखंडात राणीखेतला आहे. उलट कागदावर ‘हैदराबाद इन्फन्ट्री’ किंवा ‘हैदराबाद लान्सर्स’ असेल, तर ती निजामाची फौज. तिच्यासाठी राणीखेतला पत्रं लिहिण्यात अर्थ नाही. एका शब्दाचा फरक, आणि दोन हजार किलोमीटरचा हेलपाटा.

निजामाची फौजही बाहेर लढायला गेली होती, हे पुष्कळांना माहीत नसतं. पहिल्या महायुद्धात हैदराबादचे इम्पीरियल सर्व्हिस लान्सर्स, म्हणजे भालाईत घोडदळ, जोधपूर आणि म्हैसूरच्या लान्सर्सबरोबर 15व्या इम्पीरियल सर्व्हिस घोडदळ ब्रिगेडमध्ये इजिप्त आणि पॅलेस्टाइनला होते. दिल्लीच्या तीन मूर्ती चौकातले ते तीन पुतळे म्हणजे हीच तीन संस्थानं: जोधपूर, हैदराबाद, म्हैसूर. 2018 मध्ये त्या चौकाच्या नावाला ‘हायफा’ जोडलं गेलं. आता हायफाच्या 23 सप्टेंबर 1918 च्या हल्ल्यात मुख्य धाव जोधपूर आणि म्हैसूरच्या घोडेस्वारांची होती. तेव्हा आपले आजोबा हैदराबाद लान्सर्समध्ये होते म्हणून ‘हायफा जिंकणारे’ असं लगेच बोर्डावर रंगवू नका. ते त्या ब्रिगेडमध्ये होते, त्या मोहिमेत होते. एवढंही थोडं नाही.

आणि गंमत बघा, त्याच युद्धात निजामानं दिलेल्या विमानांमुळं इंग्लंडच्या हवाई दलात 110 नंबरच्या स्क्वॉड्रनला ‘हैदराबाद’ हे नाव मिळालं. पैसे देणाऱ्याचं नाव विमानावर गेलं. ज्यांनी उंटांच्या वाटांवर घोडे चालवले त्यांची नावं शोधायला आपल्याला आज हा खटाटोप.

बरं, मग पलटण ओळखायची कशी? घरातल्या वस्तूंवरून. पहिल्या महायुद्धाचं गोल पदक असेल तर त्याच्या कडेवर बोट फिरवा. ब्रिटिश वॉर मेडलच्या कडेवर नंबर, हुद्दा, नाव आणि तुकडी कोरलेली असते. पदक राखेनं घासून घासून अक्षरं पुसट झाली असतील, तर कडेवर तिरका उजेड पाडून मोबाइलनं फोटो काढा, पुन्हा घासू नका. ते पदक चांदीचं नसून काशाचं निघालं तर नाराज होऊ नका. त्यातूनच कळतं की तो माणूस बंदूकवाला शिपाई नसून बहुधा मजूर तुकडीत किंवा फॉलोअरांत होता, म्हणजे फौजेबरोबर काम करायला गेलेला. मेसोपोटेमियात, आजच्या इराकात, अशा हजारो हिंदी मजुरांनी रस्ते बांधले, ओझी वाहिली. हुद्द्याच्या जागी ‘ड्रायव्हर’ लिहिलं असेल तर घरचे म्हणतात, आजोबा त्या काळी मोटार चालवायचे! मोटारींच्या तुकड्याही होत्या, पण खेचरांच्या तुकडीत ‘ड्रायव्हर’ म्हणजे खेचरं हाकणारा. तुकडीचं नाव पाहिल्याशिवाय मोटार ठरवू नये.

‘जमादार’चंही तसंच. आज हा शब्द वेगळ्याच अर्थानं वापरला जातो, पण त्या फौजेत जमादार हा व्हॉइसरॉयच्या सनदेचा अधिकारी होता, आजच्या नायब सुभेदाराच्या जागी. हे महत्त्वाचं अशासाठी, की सुभेदार-जमादारांची नावं छापील ‘इंडियन आर्मी लिस्ट’मध्ये येत. साध्या शिपायाचं, नाईकाचं, हवालदाराचं नाव तिथं येत नसे. तुमच्या गल्लीत ‘जमादाराचं घर’ असेल तर तुमचा शोध निम्मा सोपा आहे.

दुसऱ्या महायुद्धाच्या तारा म्हणजे स्टार वेगवेगळे. बर्मा स्टार असेल तर ब्रह्मदेशची आघाडी. पॅसिफिक स्टार असेल तर मलाया, सिंगापूर. आफ्रिका, इटली यांचे वेगळे. ‘इंडिया सर्व्हिस मेडल’ हे देशातच तीन वर्षं नोकरी केलेल्यांना मिळायचं. घरात तेवढंच असेल तर आजोबा समुद्र ओलांडून गेले असतील असं गृहीत धरू नका. पण देशातल्या डेपोत तीन वर्षं काढणं हेही नोकरीतच मोडतं. पोरांना ‘बर्मात लढले’ हे ऐकायला जास्त आवडतं, एवढंच.

या सगळ्यांत मौल्यवान काय, तर शिपाई नंबर. नाव नव्हे, नंबर. कारण नाव इंग्रज कारकुनानं ऐकलं तसं लिहिलेलं असतं. आडनाव बहुतेक वेळा नसतंच, असतं ते नाव आणि बापाचं नाव. गावाचं नाव म्हणजे तर कहाणीच. आपल्या जिल्ह्याचं ठाणं 1904 पर्यंत नळदुर्गला होतं. जुन्या इंग्रजी कागदात ते ‘नलद्रुग’ असं येतं. मग उस्मानाबाद, आणि 2023 पासून अधिकृतपणे धाराशिव. लातूर 1982 पर्यंत याच जिल्ह्यात होतं, म्हणजे ‘जिल्हा उस्मानाबाद’ लिहिलेला शिपाई आजच्या लातूर जिल्ह्यातला निघू शकतो. भरती बार्शीला किंवा सोलापूरला झाली असेल तर जिल्ह्याच्या रकान्यात सोलापूरही सापडू शकतं. त्यामुळे नुसत्या गावावरून शोधायला गेलात तर चुकामूक ठरलेलीच.

नंबर आणि पलटण हाती आली, आणि पलटण ब्रिटिश हिंदी फौजेतली असली, की मार्ग बऱ्यापैकी सरळ होतो. स्वातंत्र्यानंतर रेजिमेंटा भारत आणि पाकिस्तानात वाटल्या गेल्या. भारताकडे आलेल्या रेजिमेंटची अभिलेख कार्यालयं आजही चालू आहेत. मराठा लाइट इन्फन्ट्रीचं बेळगावला, महार रेजिमेंटचं मध्य प्रदेशात सागरला, ग्रेनेडियर्सचं जबलपूरला. महार रेजिमेंट 1941 च्या ऑक्टोबरात बेळगावला उभी राहिली. त्याच वर्षी फेब्रुवारीत डॉ. बाबासाहेब आंबेडकर आपल्या कसबे तडवळ्याला परिषदेसाठी आले होते, हे इथल्या माणसाला सांगायला नको. जिल्ह्यातल्या बौद्ध घरांत ‘फौजेत होते’ अशी आठवण असेल तर सागरकडे आधी पाहावं. पलटण पाकिस्तानच्या वाट्याला गेली असेल, उदाहरणार्थ बलुच किंवा फ्रंटियर फोर्स, तर मात्र मार्ग अवघड आहे. दख्खनी मुसलमान घरांनी हे आधीच तपासून घेतलेलं बरं.

आता अभिलेख कार्यालयात काय असतं? भरतीच्या वेळी शिपायाचा ‘शीट रोल’ तयार होई. त्यात उंची, अंगावरची खूण, जात, गाव, वारस, बदल्या, शिक्षा, रजा, बक्षीस असं सगळं असे. आणि दुसरं असतं ‘लाँग रोल’, म्हणजे एक मोठं रजिस्टर, ज्यात प्रत्येक शिपायाला एक ओळ. हा फरक नीट लक्षात घ्या. पेन्शन न मिळालेल्या शिपायाची कागदपत्रं नोकरी सुटल्यावर 25 वर्षांनी नष्ट करायची, असा नियम आहे. दुसऱ्या महायुद्धात भरती झालेली आणि 1946 च्या आसपास फौज कमी करताना घरी पाठवलेली माणसं बहुतेक बिनपेन्शनची. त्यांची कागदपत्रं नियमानं 1970 च्या सुमारास गेली. म्हणून नातवाला उत्तर येतं, ‘कागदपत्रे मुदतीनंतर नष्ट करण्यात आली आहेत’. नातू पत्र घडी घालून ठेवतो आणि विषय संपवतो. पण लाँग रोल कायम ठेवायचा असतो. अर्जात ‘सेवेची कागदपत्रं द्या’ एवढंच लिहिलं तर शीट रोल नाही असं उत्तर येतं. ‘लाँग रोलमधली नोंद द्या’ असं स्वतंत्र मागावं लागतं.

पेन्शनचा प्रश्न निघालाच आहे म्हणून सांगतो. दुसऱ्या महायुद्धातल्या, पेन्शन न मिळालेल्या माजी सैनिकांना आणि त्यांच्या विधवांना राज्य सरकार दरमहा अनुदान देतं, आणि ते जिल्हा सैनिक कल्याण कार्यालयातून चालतं. तुमच्या आजीला ते कधी मिळालं असेल, तर तिच्या प्रकरणात आजोबांचा नंबर आणि पलटण आहेच. लोक दिल्ली-लंडनच्या वेबसाइट धुंडाळतात, आणि कागद धाराशिव शहरात असतो.

जो माणूस परत आला नाही, त्याची गोष्ट वेगळी. राष्ट्रकुल युद्धस्मशान आयोग, म्हणजे कॉमनवेल्थ वॉर ग्रेव्हज कमिशन, दोन्ही महायुद्धांतल्या मृतांची यादी सांभाळतो आणि ती कोणालाही फुकट पाहता येते. दुसऱ्या महायुद्धातल्या सुमारे 87 हजार हिंदी मृतांची नोंद तिथं आहे. पुष्कळ नोंदींत बापाचं नाव आणि गाव दिलेलं असतं. सिंगापूरच्या क्रांजी इथल्या स्मारकावर आणि ब्रह्मदेशात तौक्यानच्या रंगून स्मारकावर, ज्यांची कबर किंवा चिता माहीत नाही अशांची नावं आहेत.

पहिल्या महायुद्धाचं मात्र दुखणं आहे. फ्रान्समध्ये न्यू शापेलच्या स्मारकावर हिंदी शिपायांची नावं कोरली गेली. इजिप्त-पॅलेस्टाइनमध्ये पडलेल्यांसाठी सुएझजवळ पोर्ट तौफीकला स्मारक होतं. ते इस्राएल-इजिप्त युद्धांत उद्ध्वस्त झालं आणि 1980 मध्ये कैरोच्या हेलिओपोलिस स्मशानात त्याच्या जागी नवं उभं राहिलं. पण इराकात बसऱ्याच्या स्मारकावर चाळीस हजारांहून जास्त मृत आहेत, आणि त्यातल्या साध्या हिंदी शिपायांची नावं नाहीत. पलटणीचं नाव, आणि पुढं आकडा. अधिकाऱ्याला नाव, शिपायाला संख्या. 2021 मध्ये आयोगानं स्वतःच नेमलेल्या समितीनं हे मान्य केलं. 45 ते 54 हजार मृतांना, त्यांत मोठा भाग हिंदी आणि आफ्रिकी, असमान वागणूक मिळाली, आणि किमान 1 लाख 16 हजारांची नावानं किंवा मुळातच नोंद झाली नसावी, असा त्या समितीचा अंदाज आहे. तेव्हा मेसोपोटेमियात गेलेल्या पणजोबांचं नाव दगडावर नाही म्हणून ते गेलेच नव्हते, असा निष्कर्ष काढायचा नाही.

आता आपण निजामाच्या फौजेकडे परत येऊ, कारण खरी अवघड जागा तिथं आहे.

8 डिसेंबर 1941 ला मध्यरात्र उलटल्यावर जपानी सैन्य मलायात कोटा बाहरूच्या किनाऱ्यावर उतरलं. पर्ल हार्बरवर बॉम्ब पडायच्या आधी साधारण तासभर. किनाऱ्यावर डोगरा पलटण होती. तिथल्या विमानतळाच्या रक्षणाला होती पहिली हैदराबाद इन्फन्ट्री, म्हणजे निजामाची फौज. त्या दिवशी दुपारनंतर जपानी कुंपणापर्यंत आले अशी आवई उठली आणि हवाई दलाचे लोक विमानतळ सोडून निघाले. संध्याकाळी हैदराबादची पलटण विस्कटली. तिचा प्रमुख लेफ्टनंट कर्नल हेंड्रिक्स मारला गेला. माघार रोखताना तो आपल्याच शिपायांच्या गोळीनं मेला, असं काही वृत्तांत सांगतात.

समजा, परंड्याकडच्या एखाद्या घरातला मुलगा हे वाचतो आहे. त्याला आजवर एवढंच माहीत होतं, की पणजोबा जपानच्या लढाईत होते. आणि कागद सांगतो, की पलटण पळाली. इथं बरेच लोक शोध थांबवतात. आम्ही म्हणतो, थांबू नका, पण कागद कोणी लिहिला ते बघा. ते वृत्तांत बहुतांशी ब्रिटिश अधिकाऱ्यांचे आहेत आणि मलायाच्या पराभवाचा दोष कोणावर टाकायचा हा त्यांच्यापुढचा मोठा प्रश्न होता. संस्थानी पलटण ही त्यासाठी सोयीची जागा होती. विमानतळ आधी कोणी सोडला, हेही त्याच कागदांत आहे, फक्त दुसऱ्या परिच्छेदात. शिपायाचा स्वतःचा शब्द त्यात कुठं नाही. त्यानं लिहिलंच नसेल, किंवा लिहिलं असेल तर उर्दूत, एखाद्या पोस्टकार्डावर, आणि ते कार्ड मिळालं तर तुमच्याच घरात मिळेल.

15 फेब्रुवारी 1942 ला सिंगापूर पडलं. चाळीस हजारांच्या आसपास हिंदी सैनिक कैदी झाले. काही आझाद हिंद सेनेत गेले, काही गेले नाहीत, आणि जे गेले नाहीत त्यांतल्या पुष्कळांना जपान्यांनी न्यू गिनी, न्यू ब्रिटनच्या बेटांवर मजुरीला नेलं. तिथं उपासमारीनं आणि रोगानं माणसं मेली. यात एक बारीक गोष्ट आहे. आझाद हिंद सेनेत गेलेला शिपाई पुढं स्वातंत्र्यसैनिक म्हणून पेन्शनला पात्र ठरला, म्हणजे त्याचा कागद सैनिक कल्याण कार्यालयात नसून जिल्हाधिकारी कार्यालयाच्या स्वातंत्र्यसैनिक शाखेत असू शकतो. राष्ट्रीय अभिलेखागारात, दिल्लीला, आझाद हिंद सेनेच्या 990 फायली 1997 मध्ये संरक्षण मंत्रालयाकडून आल्या आहेत. ‘अभिलेख पटल’ या त्यांच्या संकेतस्थळावर नाव नोंदवून घरबसल्या शोधता येतं. आणि शपथ मोडली नाही म्हणून बेटावर मेला, त्याला ना हे पेन्शन, ना ते. त्याचं नाव क्रांजीच्या यादीत पाहायचं.

आता 1948. सप्टेंबरची 13 तारीख. सोलापूरहून हैदराबादकडे जाणाऱ्या रस्त्यावर भारतीय सैन्य जिल्ह्यात शिरलं ते नळदुर्गला. बोरी नदीवरचा पूल शाबूत ताब्यात आला, दुसऱ्या शीख पलटणीनं हल्ला केला, रणगाडे जळकोटवरून दुपारपर्यंत उमरग्याला पोचले. तुळजापूरला वेगळी तुकडी गेली, तिथं दोन तास लढाई झाली. नळदुर्गला समोर कोण होतं? पहिली हैदराबाद इन्फन्ट्री. कोटा बाहरूला होती त्याच नावाची पलटण. नाव तेच म्हणून माणसं तीच, असं नाही. मलायात कैद झालेले आणि इथं उभे असलेले एकच होते असं नावावरून म्हणता येत नाही. पण एखाद्या घरात दोन भाऊ, एक मलायात आणि एक नळदुर्गात, असं असू शकतं. आणि तिसरा भाऊ किंवा शेजारी सरहद्दीपलीकडं मुक्तिसंग्रामाच्या कॅम्पवर.

त्या दिवशी नळदुर्गजवळ दुसऱ्या शीखचे हवालदार बचित्तर सिंग पडले. त्यांना मरणोत्तर अशोकचक्र मिळालं. त्यांचं मानपत्र आज कोणीही वाचू शकतो, त्यात पहाटेची वेळसुद्धा आहे. समोर पडलेले त्या कागदात फक्त ‘शत्रू’ आहेत. मानपत्र असंच असतं, त्यात गैर काही नाही. पण पाणी महाल पाहायला जाणाऱ्या पर्यटकाला हे माहीत असावं, की त्या परिसरात पडलेल्या दोन्ही बाजूंच्या शिपायांची नोंद ठेवणारी सरकारं वेगळी होती आणि त्यातलं एक सरकार पाच दिवसांत संपलं. 18 सप्टेंबरला मेजर जनरल एल एद्रूस यांनी मेजर जनरल जे. एन. चौधरी यांच्यापुढं शरणागती पत्करली. निजामाची फौज पुढं मोडली. जिला पुढं वारस रेजिमेंटच उरली नाही, तिचं अभिलेख कार्यालय कुठून असणार?

मग त्या फौजेचे कागद कुठं? हैदराबादला तारनाक्याच्या तेलंगण राज्य अभिलेखागारात आसफजाही काळातली दप्तरं आहेत. त्यांत लष्करी खात्याचं आणि ‘नज्म-ए-जमीयत’ म्हणजे बेकवायती फौजेचं दप्तर आहे. भाषा उर्दू, त्याआधीची फारसी. वर्ष फसली. हैदराबादचं फसली वर्ष ऑक्टोबरात, आजूर महिन्यात सुरू व्हायचं. हिशेब असा: ऑक्टोबर ते डिसेंबरमधली तारीख असेल तर फसलीत 590 मिळवा, जानेवारीनंतरची असेल तर 591. म्हणजे कोटा बाहरू 1351 फसली, नळदुर्ग 1357 फसली. वारसाला जाताना बरोबर उर्दू वाचणारा माणूस न्यावा, आणि तो नुसती छापील उर्दू वाचणारा नको, कारकुनी शिकस्त वाचणारा हवा. हे आम्ही दरवेळी सांगतो आणि दरवेळी लोक भाच्याला घेऊन जातात, त्याला बारावीला उर्दू होती म्हणून.

एक गोष्ट राहिली, ती सांगायला कोणालाच आवडत नाही. या जिल्ह्यातल्या अनेक मुसलमान घरांत कागद नाहीत, आठवणही नाही. रझाकारांचे अत्याचार झाले, त्याच्या आठवणी गावोगाव आहेत, त्या लिहिल्याही गेल्या. पण पोलीस ॲक्शननंतर जे घडलं त्याबद्दल पंडित सुंदरलाल समितीनं सरकारला अहवाल दिला, आणि सर्वाधिक झळ बसलेल्या चार जिल्ह्यांत उस्मानाबादचं नाव घातलं. संस्थानभरात 27 ते 40 हजार माणसं मेली असावीत, असा त्या समितीचा अंदाज होता. तो अहवाल कित्येक दशकं लोकांना पाहायला मिळाला नाही. अशा दिवसांत ज्या घरात निजामाच्या फौजेचा पट्टा, फोटो, सर्टिफिकेट होतं, त्या घरानं ते जपून ठेवलं असतं का? विहिरीत टाकलं, चुलीत घातलं. नंतर मुलांनाही सांगितलं नाही. म्हणून ‘आमच्या घरात फौजेत कोणीच नव्हतं’ हे उत्तर आलं, तर ते आम्ही लगेच खरं मानत नाही आणि खोटंही मानत नाही. पुन्हा विचारतो, वेगळ्या शब्दांत. ‘मनीऑर्डर कुठून यायची?’ असं विचारलं की म्हाताऱ्या बाईला गावाचं नाव आठवतं. सिकंदराबाद, बोलारम, कधी कधी बसरा.

तेव्हा कोणाला पत्र घालायचं हे पगारावरून ठरवा. पगार निजामाचा असेल तर तारनाका. पगार ब्रिटिश सरकारचा असेल तर पलटणीचं अभिलेख कार्यालय. अर्ज वारस म्हणून करा, नात्याचा पुरावा जोडा, नंबर असेल तर ठळक लिहा, नसेल तर नाव, बापाचं नाव, गाव, तालुका आणि जिल्ह्याची जुनी-नवी तिन्ही नावं लिहा. आणि ‘कागदपत्रे नष्ट’ असं उत्तर आलं तर ते पत्र फेकू नका. त्यावरचा जावक क्रमांक आणि तारीख उतरवून ठेवा, आणि त्याचाच हवाला देऊन लाँग रोलसाठी दुसरा अर्ज पाठवा.